खाऱ्या पाण्याची टाकी : मासे सोडण्यापूर्वीचे सहा आठवडे

धाराशिव शहरापासून अरबी समुद्राचा जवळचा किनाराही तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र दाराशीच लाभला होता. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यात ज्याला सागरी मासे पाळावयाचे असतील, त्याला समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. मीठ विरघळवणे हे एका दिवसाचे काम. परंतु त्या पाण्यात मासा जगू शकेल अशी व्यवस्था निर्माण होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता मासे सोडल्यास ते काही दिवसांतच दगावू लागतात. पाणी मात्र नितळ दिसत असल्याने कारण ध्यानात येत नाही.

हे कारण म्हणजे अमोनिया. मासा तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्याचा सामू जितका अधिक, तितके अमोनियाचे विषारी रूप वाढते. सागरी पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो. त्यामुळे ७ सामू असलेल्या गोड्या पाण्यात मासा जेवढा अमोनिया सोसतो, तेवढाच येथे प्राणघातक ठरू शकतो.

या विषाचा निचरा करणारी प्रक्रिया शेतकऱ्याला परकी नाही. शेतात टाकलेल्या युरियापासून प्रथम अमोनियम, मग नायट्राइट आणि अखेरीस पिकाला घेता येईल असे नायट्रेट बनते. अमोनियमपासून नायट्रेटपर्यंतचे हे परिवर्तन मातीतील जिवाणू घडवतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. टाकीतही हेच घडते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, तर दुसरा नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो. विरजण लावल्यावर रात्रीत दही लागते. हे जिवाणू मात्र सावकाश वाढतात. ते मुख्यतः दगड, वाळू व फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. म्हणून तो स्पंज नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

पाण्याची निवड हा पुढचा प्रश्न. बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि खते व सांडपाणी झिरपल्यास त्यात आधीच नायट्रेट असते. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असू शकते. यास्तव आरओ यंत्रातून शुद्ध केलेले पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी घटक पुरेसे नसतात. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आले, की खारटपणा योग्य समजावा.

जिवाणूंना खाद्य म्हणून मासा बळी देण्याची गरज नाही. नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, हे काम करतो. मात्र तो कल्हईसाठी मिळणारा नव्हे, प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध असावा. दीडशे लिटर पाण्यात सुमारे एक ग्रॅम नवसागर टाकल्यास अमोनिया दर लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत पोहोचतो. त्यानंतर दर दोन दिवसांनी चाचणी संचाने तपासणी करून आकडे वहीत नोंदवावेत. प्रथम अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट चढते. पुढे नायट्राइट उतरते व नायट्रेट दिसू लागते. अमोनिया संपला, की नवसागराची मात्रा पुन्हा द्यावी. अशी मात्रा दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच टाकी तयार झाली असे मानावे. मग साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी बरेचसे पाणी बदलावे आणि एक-दोन मासेच सोडावेत.

उन्हाळ्यात या जिल्ह्यात अधिक सावधगिरी हवी. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते व खारटपणा वाढतो. काचेवर पातळीची खूण करून घटलेली भर केवळ शुद्ध गोड्या पाण्याने काढावी. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावे, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेली व पंप थांबला, तर माशांबरोबर जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप म्हणूनच आवश्यक ठरतो.

पाणीटंचाईच्या या प्रदेशात छंदाचा हिशेब पाण्यातही मांडला पाहिजे. पंधरवड्याला वीस लिटर पाणी बदलायचे तर सातशे ग्रॅम मीठ लागतेच. शिवाय तेवढे शुद्ध पाणी मिळवताना आरओ यंत्रातून बरेच पाणी बाहेर पडते. ते साठवून फरशी पुसण्यास वापरता येते. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांना घालू नये.

शोभेसाठी प्रवाळ आणण्याचा मोह टाळावा. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मासे घेतानाही समुद्रातून पकडलेल्यांऐवजी बंदिस्त प्रजननातून जन्मलेले निवडावेत. विदूषक माशाचे असे प्रजनन भारतात यशस्वी झाले आहे. पहिले मासे सोडल्यानंतर किमान दोन आठवडे नवी भर न घालता तपासणी सुरू ठेवावी. माशांची संख्या वाढली, की जिवाणूंनाही वाढण्यास अवधी लागतो.