हिंगणा व परिसर
महाराष्ट्र राज्याच्या नागपूर जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि त्याच्या भोवतालचा निसर्गदृष्ट्या व पुरातत्त्वीयदृष्ट्या महत्त्वाचा प्रदेश. हिंगणा हे नागपूरच्या नैर्ऋत्येस सु. १६ किमी. अंतरावर, वेणा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. नागपूर शहराचा विस्तार आणि रस्त्यालगतची औद्योगिक वसाहत यांमुळे हे गाव आता शहराला जवळजवळ येऊन मिळाले आहे. नागपूर मेट्रोचा एक मार्ग जानेवारी २०२० पासून हिंगणा रस्त्यावरील लोकमान्यनगरपर्यंत सुरू आहे. मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा प्रारंभ या तालुक्यातील शिवमडका येथे होतो. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या दोन्ही मार्गांनी जाणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना आपण महाराष्ट्रातील एका अतिप्राचीन दफनभूमीच्या प्रदेशातून जात आहोत, याची जाणीव असते.

हा प्रदेश समजून घेण्यासाठी त्याच्या भूरचनेकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाव्हाजन्य खडकांची पूर्व सीमा स्थूलमानाने नागपूर शहरातूनच जाते. शहराच्या पूर्वेस पट्टिताश्म व वालुकाश्म आढळतात, तर पश्चिमेस व नैर्ऋत्येस म्हणजे हिंगण्याच्या बाजूस बेसाल्टाचे थरावर थर साचलेले आहेत. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकांतून हे खडक तयार झाले. दोन उद्रेकांच्या दरम्यानच्या शांत काळात तळ्यांतून गाळ साचला व त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष अडकून राहिले. नागपूरच्या ताकळी भागातील व सीताबर्डी टेकडीवरील असे आंतरट्रॅपी थर १८५० च्या दशकातच शास्त्रज्ञांच्या परिचयाचे झाले होते. ट्रॅपच्या सपाट माथ्याच्या बुटक्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी मुरमाड व दगडगोट्यांनी भरलेली माळराने आणि त्याखाली नदीनाल्यांच्या काठी खोल काळी जमीन, अशी येथील भूमीची तीन पावले आहेत. टेकड्यांवर साग, धावडा, सालई, तेंदू व मोह यांची शुष्क पानझडी वने आहेत. काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन व संत्र्याच्या बागा दिसतात. माळरानावर मात्र खुरट्या गवताखेरीज फारसे काही उगवत नाही. आणि या परिसरातील सर्वांत महत्त्वाचे प्रेक्षणीय अवशेष नेमके तेथेच आहेत.

हे अवशेष म्हणजे लोहयुगातील लोकांनी मृतांसाठी उभारलेली शिलावर्तुळे [⟶ महापाषाण संस्कृती]. बेसाल्टाचे मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून आतील जागा दगडगोटे व मातीने भरून काढलेली असते. मधला भाग थोडा उंचावलेला असतो. वर्तुळांचा व्यास काही मीटरांपासून वीस मीटरांहून अधिक आढळतो. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे लहान खळगे आहेत. ते कशासाठी कोरले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. वर्तुळाच्या पोटात मानवी अस्थी, काळी-तांबडी व अभ्रकमिश्रित तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी व पळ्या, तांब्याची भांडी व घंटा आणि मणी सापडतात. दांड्याला पाते घट्ट बसविण्यासाठी आडव्या लोखंडी पट्ट्यांचा उपयोग केलेली कुऱ्हाड हे विदर्भातील लोहकारांचे खास वैशिष्ट्य मानले जाते. घोड्याचे सांगाडे, लगामाच्या कड्या व अलंकार यांवरून या समाजात अश्वाला असलेले स्थान ध्यानात येते. काही ठिकाणी घोडा धन्यासोबतच पुरलेला आढळतो.

स्थानिक लोक ही वर्तुळे गवळ्यांच्या जुन्या वाड्यांची समजत असत. गवळी राजांविषयीच्या आख्यायिका विदर्भात सर्वत्र आहेत आणि गुरे कोंडण्याच्या वाड्याशी वर्तुळाचे साम्य पाहता ही समजूत अगदीच अस्वाभाविक नव्हती.

वर्तुळांच्या शास्त्रीय शोधाचा इतिहास हिंगणा तालुक्यातील टाकळघाट या गावाशी निगडित आहे. स्कॉटिश धर्मोपदेशक व भूवैज्ञानिक स्टीव्हन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवरील त्यांचे लेखन मूलभूत स्वरूपाचे असून हिस्लोपाइट या खनिजास त्यांचे नाव देण्यात आले आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाटची वर्तुळे पाहण्यास गेले. परत येताना ते मागे राहिले आणि रात्री पावसाने फुगलेला नाला घोड्यावरून ओलांडत असता बुडून मरण पावले. त्यांनी मागे ठेवलेली आदिवासी जमातींविषयीची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना १८८३) आजही त्यांचे नाव चालवीत आहे. तथापि ज्या दगडांच्या ओढीने ते त्या दिवशी गेले, ते पाहण्यास जाणारा नागपूरकर विरळाच.

टाकळघाट व जवळचे खापा येथे १९६८–६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. (हे खापा सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठच्या त्याच नावाच्या शहराहून भिन्न आहे.) खापा येथे वर्तुळे, तर टाकळघाट येथे वसतीचे पांढरीचे टेकाड असा हा जोड आहे. मृतांची जागा आणि जिवंतांचे गाव यांचा परस्परसंबंध विदर्भात स्पष्टपणे दाखवून देणाऱ्या आरंभीच्या उत्खननांत याची गणना होते. किरणोत्सर्गी कार्बनाच्या कालमापनानुसार येथील वसती इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची ठरते, म्हणजे गौतम बुद्धाच्या काळाच्या आगेमागे वेणेच्या खोऱ्यात लोखंड वापरणारी व घोडे बाळगणारी गावे नांदत होती.

खुद्द हिंगण्यालगतच्या रायपूर येथे (छत्तीसगढच्या राजधानीशी या गावाचा संबंध नाही) पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाच्या गो. बं. देगलूरकर व गौरी लाड यांनी १९८५ ते १९९० या काळात शिलावर्तुळांचे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंगण्यास येणाऱ्या जिज्ञासूस बसस्थानकापासून इतक्या जवळ असलेले दुसरे प्राचीन स्थळ नाही.

वर्तुळे पाहताना प्रथमदर्शनी निराशा होण्याचा संभव आहे. येथे शिखर नाही, शिल्प नाही, मार्गदर्शकही नाही. पावसाळ्यात गवत वाढून धोंडे झाकले जातात. म्हणून गवत वाळल्यानंतर, साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात आणि तेही सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. तिरप्या उन्हात धोंड्यांच्या सावल्या पडल्या की, एक वर्तुळ दिसते, मग त्यापलीकडचे दुसरे, आणि थोड्या वेळाने सारे माळरानच वर्तुळांनी भरलेले असल्याचे लक्षात येते. कोरलेले खळगेही याच वेळी स्पष्ट दिसतात. धोंडे हलवू नयेत, तसेच खापरे उचलून नेऊ नयेत, हे सांगणे आवश्यक आहे. जागेवरून हललेल्या वस्तूचे पुरातत्त्वीय मूल्य जवळजवळ नाहीसे होते. अधिक सुस्थितीतील वर्तुळसमूह पाहावयाचा असल्यास नागपूरच्या वायव्येस काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे जावे. तेथे सु. ३०० वर्तुळे असून जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी १८६७ मध्ये व बी. के. थापर यांनी १९६१–६२ मध्ये तेथे उत्खनन केले. रिव्हेट-कार्नाक यांना मिळालेल्या वस्तूंपैकी काही लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. जुनापाणीच्याच दिशेचे माहुरझरी हे मणी तयार करण्याचे प्राचीन केंद्र होते.

या अवशेषांच्या रक्षणाचा प्रश्न त्यांच्या स्थानाशीच जोडलेला आहे. वर्तुळे बांधणाऱ्यांनी पिकाऊ काळी जमीन सोडून मुरमाड माळ निवडला. धोंडेही तेथे हाताशी होते. शेतीस निरुपयोगी असल्यामुळे या जागेवर नांगर क्वचितच फिरला व वर्तुळे अडीच हजार वर्षे टिकून राहिली. परंतु कारखाने, गोदामे व निवासी भूखंड यांनाही अशीच पडीत, निचऱ्याची व स्वस्त जमीन सोयीची असते. रस्त्यांच्या भरावासाठी लागणारा मुरूम तेथूनच खणला जातो. बांध घालण्यासाठी व घरांच्या पायासाठी धोंडे पूर्वीपासूनच उचलले जात. यंत्रांनी जमीन सपाट करण्याच्या पद्धतीमुळे आता एखादा समूह एका दिवसात नाहीसा होऊ शकतो. जुनापाणीसारखी स्थळे १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखाली केंद्रीय संरक्षणात आहेत आणि त्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवती १०० मी. पर्यंत बांधकामास मनाई आहे. शेतांतून व माळांतून विखुरलेल्या सर्वच वर्तुळांना हे संरक्षण लाभलेले नाही. ज्या जमिनीची विक्री होण्यापूर्वी मोजणी होते, तिच्यावरील वर्तुळांचीही त्याच वेळी नोंद करणे अवघड नसावे.

अर्वाचीन वास्तूंपैकी वेणाकाठच्या गुमगावचा उल्लेख करावयास हवा. मध्य प्रांताच्या १८७० च्या गॅझेटिअरमध्ये येथील मराठा गढीचे अवशेष व तिच्याजवळचे काळ्या दगडाच्या भक्कम भिंतींचे गणपतीचे मंदिर यांचे वर्णन असून ही दोन्ही बांधकामे दुसऱ्या रघूजी भोसल्यांची पत्नी चिमाबाई हिने केल्याचे म्हटले आहे. गुमगाव हे एके काळी कोष्ट्यांचे, हातमागाच्या कापडाचे गाव होते.

तालुक्यातील मोहगाव–झिल्पी तलाव हा टेकड्यांच्या कुशीतील जलाशय सुटीच्या दिवशी सहलीस येणाऱ्यांचे आवडते ठिकाण झाला आहे. हिवाळ्यात पाणपक्षी पाहण्यास तो चांगला. खोल पाण्यात उतरण्याचा मोह मात्र टाळावा. असे करताना येथे प्राण गेल्याच्या घटना घडल्या आहेत. हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या उताराकडील अंबाझरी तलावाने एके काळी नागपूर शहरास पिण्याचे पाणी पुरविले. सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत तो ओसंडून शहराच्या सखल भागात पूर आला.

हिंगण्याच्या नैर्ऋत्येस वर्धा जिल्ह्याच्या सीमेवर बोर अभयारण्य (स्थापना १९७०) लागते. २०१४ मध्ये त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचे मूळ क्षेत्र सु. १३८ चौ. किमी. असून ते देशातील लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. पेंच, ताडोबा व मेळघाट यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वाघांना हे वन विसाव्याचे ठिकाण म्हणून उपयोगी पडते, हे त्याचे महत्त्व त्याच्या आकारमानाहून मोठे आहे. वाघाखेरीज बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, नीलगाय व सांबर हे प्राणी येथे आढळतात. बोर धरणाजवळील गावाचे नाव हिंगणी असल्याने नवख्या प्रवाशाची हिंगण्याशी गल्लत होते. दोन्ही गावे वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहेत. बोरहून परतताना नागपूर–वर्धा मार्गावरील केळझरचे सिद्धिविनायक मंदिर पाहता येते. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते आणि पांडवांची एकचक्रानगरी ती हीच, अशी लोकश्रद्धा आहे.

शिलावर्तुळे पाहून झाल्यावर अथवा त्यापूर्वी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३, लोकांत ‘अजब बंगला’ या नावाने परिचित) अवश्य पाहावे. विदर्भाच्या प्राचीन अवशेषांची ओळख तेथे होते. एरवी ओबडधोबड वाटणाऱ्या दगडांच्या वर्तुळात काय पुरले गेले होते, याची कल्पना मग माळावर उभे राहून करता येते.