धानाचे तणीस आणि पचनाच्या पुड्या

नागझिऱ्याचे अरण्य १९७० साली अभयारण्य झाले व २०१३ साली व्याघ्रप्रकल्पात गेले. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी या बाजूच्या गोधनास तेथे मोकळी चराई नाही, आणि कडेला चारावे तर वाघाचे भय. गोठ्यात उरते ते धानाचे तणीस. हे तणीस पचविणाऱ्या एन्झाइमच्या पुड्या बाजारात मिळतात. त्या घ्याव्या की काय, याविषयी आम्ही येथे लिहीत आहो.

तणीस पचविण्याचे सामर्थ्य मुळी गाईच्या अंगी नाहीच. तिच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात; त्यांपासून निघणारे एन्झाइम नावाचे पाचक द्रव्य काडीतील तंतू फोडते. पण या जंतूंस नत्र हवे, आणि तणसात प्रथिनांश शेकडा ३ ते ४ मात्र! शिवाय काडीत सिलिका व लिग्निन यांचा कठीणपणा. कामकरी उपाशी आणि कोठाराचे दार बंद, अशा स्थितीत बाहेरचे एन्झाइम किती पुरे पडणार? ते स्वतः प्रथिनरूप असल्याने पोटातील जंतू त्यांपैकी काही फस्तही करतात. देशोदेशीच्या प्रयोगांत कोठे दूध वाढले, कोठे थेंबभरही वाढले नाही.

युरियाची रीत याहून खात्रीची होय. १०० किलो वाळल्या तणसास ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पुरता विरघळवून, थराथरावर झारीने शिंपावा व थर पायाने चेपीत जावे. वर ताडपत्री घालून कडा मातीने दाबाव्या आणि २१ दिवस हात लावू नये. युरियाचा अमोनिया होऊन काडीत मुरतो, तिचा कठीणपणा सैल करतो व नत्रही देतो. प्रथिनांश सुमारे दुप्पट होतो. गंमत अशी की, हा अमोनिया करणारे युरिएज हेही एन्झाइमच. अमेरिकेत जेम्स समनर यांनी १९२६ साली ते अबईच्या जातीच्या दाण्यांतून स्फटिकरूपाने काढले, व पुढे १९४६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तेच तणसावरील जंतूंत फुकट हजर असते! बांधीतच तणीस जाळणाऱ्यांनी याचा विचार करावा.

माप मात्र अंदाजाने घेऊ नये; महसूल खात्यात जन्म गेल्यामुळे म्हणा, वजनावाचूनच्या आकड्यावर आमचा विश्वास नाही. युरियाचे पाणी गुराच्या तोंडी लागले तर ते प्राणास मुकते. सहा महिन्यांच्या आतील वासरांस हे तणीस देऊ नये. इतरांस देण्यापूर्वी उघड्यावर पसरून उग्र वास जाऊ द्यावा. प्रथम थोडे देऊन आठवड्याभरात वाढवावे. बुरशीचा थर दिसल्यास फेकून द्यावा.

असे तणीस, थोडा हिरवा चारा, जवसाची ढेप व खनिज मिश्रण यांची सोय झाल्यावर कोणास पुडी घ्यावयाचीच असेल, तर त्याने सारख्या दुधाच्या दोन गाई निवडून एकीस महिनाभर द्यावी. दोघींचे दूध रोज मापून वहीत उतरावे, आणि शेजारच्या रकान्यात पुडीची किंमतही लिहावी.