देठासगट का बिनदेठाची?

एप्रिल-मेमध्ये अकोला-अमरावतीत पारा ४४-४५च्या घरात गेला की गच्च्यांवर लाल मिरची पसरते आणि कांडप यंत्रासमोर पिशव्यांची रांग लागते. यंत्रावरच्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला: "देठासगट का बिनदेठाची?" उत्तर घराघराचं वेगळं. कुणाला नुसती भिवापुरी हवी, कुणाला तिच्यात ब्याडगी. कुणी बिया झाडून आणतं, कुणी सोबत तेलाची वाटी. हा हेका वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. मिरचीचा रंग असतो सालीत आणि तिखटपणा आतल्या पांढऱ्या गाभ्यात. ब्याडगीत रंग भरपूर, जाळ कमी. रश्शावर लालभडक तर्री हवी असलेलं घर तिच्याकडे वळणारच. रोज झुणका-भाकर खाणाऱ्याला तिच्या रंगाचं काय कौतुक? बिया काढल्या की तिखट सौम्य होतं हेही खरं, पण श्रेय बियांचं नव्हे. त्यांच्याबरोबर तो गाभाही निघून जातो. बिया ठेवल्या तर वजन भरतं आणि रंग फिकटतो.

तेलाच्या बाबतीत मात्र सगळ्यांचंच बरोबर म्हणता येत नाही. विकायच्या मिरची पुडीत खाद्यतेल २ टक्क्यांपर्यंत चालतं, तेही वेष्टनावर सांगून. २ टक्के म्हणजे किलोला २० ग्रॅम, जेमतेम दीड मोठा चमचा. घरून आलेल्या वाटीला या २ टक्क्यांचं भान नसतं. पूड चमकते खरी, पण वर्षभराच्या बरणीत तेच तेल खवट होतं. तेलवाल्यांच्या बाजूने भक्कम मुद्दा एकच, आणि तो त्यांच्या तोंडी क्वचितच येतो: तेलाने पूड कमी उडते. नाकातोंडाला फडकं बांधून दिवसभर त्या खाटात उभ्या राहणाऱ्या बाईला हा फरक आमटीच्या रंगापेक्षा मोठा आहे.

पाकीटवाले विचारतात, तपासलेली पूड मिळत असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. ओलसर राहिलेल्या मिरचीत बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. पुडीत ११ टक्क्यांहून जास्त ओलावा नको, असा नियम आहे. इथे मिरची कानाशी हलवून बिया खुळखुळतात का ते ऐकतात, आणि ती काही प्रयोगशाळा नव्हे. पण पाकिटातलं प्रमाण कारखान्याने ठरवलेलं असतं. तर्री आणि झुणका यांची वाटणी घरालाच करावी लागते. अर्थात, ती वाटणीही अगदी चोख राहत नाही: यंत्राच्या उखळीत आधीच्या गिऱ्हाइकाचं मूठभर तिखट उरतंच, म्हणून देठवाल्यामागे नंबर लागला की बिनदेठवाले कुरकुरतात.