घोट्याच्या हाडांची पन्नास वर्षे

१९६५ साली अमेरिकेत मोंटानाच्या खडकांत सापडलेल्या इवल्याशा दातांना ‘पर्गटोरियस’ हे नाव मिळालं. डायनोसॉर संपल्यावर लगेचच्या काळातला हा प्राणी प्राइमेटांच्या, म्हणजे लेमूर, टार्सियर, माकडं आणि माणूस यांच्या, वंशाच्या मुळाशी असावा, असं अनेकांना वाटलं. पण तो जमिनीवर वावरायचा की झाडावर? दातांवरून खाणं कळतं, नातं कळतं. चाल कळत नाही. त्याच्या घोट्याच्या हाडांचं वर्णन प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडलं. सांधा लवचीक होता, पाऊल आत वळत होतं. प्राणी झाडावरचा होता.

ही हाडं लहान पण टणक असतात. लांब हाडांचे तुकडे होतात तिथेही ती बऱ्याचदा शाबूत राहतात. टाचेच्या हाडाचा घोट्यापुढचा भाग लांबला, की फांदीला रेटा द्यायला पावलाला जास्त अंतर मिळतं आणि उडी दूर जाते. टार्सियर आणि गॅलॅगो या उड्या मारणाऱ्या प्राइमेटांत हा भाग कमालीचा लांब असतो. पावलाची पुढची हाडं लांबवून त्यांचं भागलं नसतं, कारण त्याच पावलाने फांदी पकडायची असते. पकड राखून उडी साधायची, तर लांबी घोट्यापाशीच वाढवावी लागते. या सगळ्या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

चीनमधल्या शांगह्वांगचा ‘इओसिमियस’ १९९४ मध्ये दात-जबड्यांवरून जाहीर झाला, तेव्हा तो माकडांच्या शाखेतला आहे हे बऱ्याच जणांना पटलं नाही. २००० मध्ये डॅनियल गेबो, मारियन डागोस्टो, ख्रिस बिअर्ड आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी घोट्याची हाडं पुढे ठेवली. त्यांत माकडांशी जुळणाऱ्या खुणा होत्या. इओसिमियसची बाजू भक्कम झाली ती या हाडांमुळे.

घोट्यावर फार भार टाकला की काय होतं, तेही दिसलं. २००९ मध्ये जर्मनीतल्या मेसेलची ‘इडा’, एका प्राइमेटाचा जीवाश्म, गाजली. घोट्याच्या हाडाची बाहेरची बाजू उभी आहे, या मुद्द्याचाही आधार घेऊन तिला माकडांच्या बाजूला बसवलं गेलं. पण सांगाडा दबून चपटा झालेला होता. आज बहुतेक अभ्यासक तिला लेमूरच्या बाजूला ठेवतात.

२०१३ मध्ये चीनमधल्या हुबेई प्रांतातला साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा ‘आर्किसिबस’ पुढे आला. अंगलट टार्सियरच्या वळणाची, टाच मात्र माकडासारखी आखूड. म्हणूनच त्याच्या नावात टाचेवरून ओळखला जाणारा ग्रीक वीर ‘अकिलिस’ आला.

आणि मग आपल्या शेजारचं वस्तान. सुरत जिल्ह्यातल्या या लिग्नाइट खाणीत अशोक साहनी, राजेंद्र राणा, किशोर कुमार, केनेथ रोझ, थिएरी स्मिथ यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून निघालेल्या प्राइमेटांच्या हातापायांच्या २५ हाडांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्राणी झाडांवर चारही पायांनी चपळ वावरणारे होते. उड्यांसाठी खास घडलेलं शरीर त्यांत दिसत नाही. लेमूरकडे जाणारी आणि टार्सियर-माकडांकडे जाणारी अशा दोन्ही शाखांची हाडं तिथे आहेत, आणि त्यांच्यातला फरक अजून अगदी थोडा आहे. पहिले प्राइमेट म्हणजे पट्टीचे उड्या मारणारे, ही कल्पना वस्ताननंतर मला तरी तितक्या खात्रीने मांडता येत नाही.