रोममधील रोजच्या खर्चाचा अंदाज

डिचोली तालुक्यातील शिरगावचे एक गृहस्थ नुकतेच आमच्याकडे आले होते. खाणी चालत होत्या तेव्हा त्यांचा खनिज वाहणारा एक ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालल्या व २०१८ साली पुनश्च बंद पडल्या. अखेर ट्रक विकावा लागला. त्यानंतर पै-पै साठवून पती, पत्नी व वृद्ध आई अशा तिघांनी पाच दिवस रोमला जाण्याचे योजिले आहे. "फादर, विमानाचे भाडे कळले. पण तिथे उतरल्यावर दिवसाला किती लागतील?" असा त्यांचा प्रश्न होता.

वाचकहो, घरून निघण्यापूर्वी होणारा खर्च प्रथम निराळा काढावा. विमान, निवास, प्रौढास नव्वद युरो व्हिसाशुल्क आणि निदान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, या रकमा रोजच्या हिशेबात मिसळल्या की सारा घोटाळा होतो. हिशेबाच्या सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धरावा.

आता रोजचे पाहू. उपाहारगृहात मेजाशी बसून घेतलेली कॉफी पुष्कळदा महाग पडते. तीच उभ्याने घेतल्यास सव्वा-दीड युरोत मिळते. न्याहारी मुक्कामात धरून दुपारी पिझ्झ्याचा तुकडा व रात्री एक गरम थाळी, असे माणशी पंचवीस युरो पुरावेत. पाणी विकत घेऊ नये. रस्तोरस्ती सार्वजनिक नळ अखंड वाहतात व त्यांचे पाणी पिण्याजोगे आहे. बसचे तिकीट दीड युरोचे असून शंभर मिनिटे चालते. दिवसाला तीन तिकिटे म्हणजे साडेचार युरो.

संत पेत्राच्या महामंदिरात प्रवेशास पैसे पडत नाहीत. २०२५ साली पोप फ्रान्सिस यांचे जेथे दफन झाले, त्या संत मरिया मेजर महामंदिरातही नाहीत. पोप महाशयांच्या बुधवारच्या भेटीची तिकिटे विनामूल्य असतात. ती विकणाऱ्यांपासून सावध राहावे! व्हॅटिकनच्या संग्रहालयांना मात्र आगाऊ नोंदणीसह पंचवीस युरो व कोलोसियमला अठरा पडतात. पाच दिवसांत विभागल्यास रोजचे नऊ युरोंच्या आत येतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ही संग्रहालये फुकट असतात खरी, परंतु रांग फार लांब. सत्तरी उलटलेल्या मातेला त्या रांगेत उभे करून वाचविलेले पैसे आम्हांस तरी पटत नाहीत.

एक बाब पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. रोम नगरपालिका मुक्कामावर कर घेते. जागेच्या दर्जाप्रमाणे माणशी रात्रीला साडेतीन ते दहा युरो. तो बहुधा भाड्यात धरलेला नसतो, जागेवरच द्यावा लागतो. सहा युरो धरावे.

बेरीज चव्वेचाळीसच्या आसपास झाली. वर सहा युरो अडीअडचणीला ठेवून माणशी पन्नास धरले. तिघांचे दीडशे, म्हणजे दिवसाला पंधरा हजार रुपये व पाच दिवसांचे पंचाहत्तर हजार. आकडा ऐकून गृहस्थ क्षणभर गप्प झाले. त्यांनी मनाशी चाळीस हजार धरले होते. निघण्याचा बेत त्यांनी सहा महिने पुढे ढकलला आहे. बेत मोडला नाही.

अडीअडचणीचे जे नव्वद युरो राहतात त्यांतील निम्मे आईच्या टॅक्सीसाठी राखावे, असे आम्ही सुचविले. आईने मात्र उरलेल्यांतून वीस युरो मागून घेतले. वाड्यावरच्या शेजारणींसाठी तिला जपमाळा आणावयाच्या आहेत.