झेड ड्राइव्ह रोज परत आणतो कोण?

‘विंडोज १०’चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ऑफिसातली मशीनं घाईघाईनं ‘विंडोज ११’वर चढवली गेली. तेव्हापासून एक जुनीच तक्रार नव्यानं कानावर येते. ‘धिस पीसी’ उघडलं की कधीच भंगारात गेलेल्या सर्व्हरचा झेड ड्राइव्ह लाल फुलीसकट हजर. राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ म्हणावं, तो गुमान जातो. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं की पुन्हा जागेवर.

आयटीवाल्याला फोन केला तर तो मशीनचा ताबा घेतो, ‘नेट यूज’ची कमांड मारून ड्राइव्ह उडवतो आणि तिकीट बंद करतो. ड्राइव्ह काढता सगळ्यांनाच येतो. तो परत कोण ठेवतंय, याचा शोध घेण्याइतका वेळ कोणाकडे नसतो.

त्यात एक चकवा आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडला, तर ‘नेट यूज’ची यादी पुष्कळदा कोरी दिसते. साधा वापरकर्ता आणि अ‍ॅडमिन ही विंडोजच्या लेखी दोन वेगळी लॉगिन असतात आणि एकाचे ड्राइव्ह दुसऱ्याला दिसत नाहीत. ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून आयटीवाला निघून जातो, फुली तिथेच. म्हणून ही कमांड साध्या प्रॉम्प्टमध्येच चालवावी.

मूळ बहुधा तीनपैकी एका ठिकाणी सापडतं. कोणीतरी कधीकाळी ‘रीकनेक्ट अ‍ॅट साइन-इन’वर टिक केलेली असते, मग रजिस्ट्रीत करंट यूजरखालच्या ‘नेटवर्क’ या कीमध्ये त्या अक्षराची नोंद राहते. किंवा लॉगिनच्या वेळी चालणारी जुनी स्क्रिप्ट असते. नाहीतर सर्व्हरवरची ग्रुप पॉलिसी.

तिघांतला नेमका कोण, हे ओळखायला मार्क रसिनोविच यांची शिस्त लागते. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून आपल्या संगणकात गुपचूप शिरलेलं रूटकिट २००५मध्ये चव्हाट्यावर आणणारे ते हेच. त्यांची कंपनी पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. बिघाडाच्या हकिगती ते गुप्तहेरकथांसारख्या लिहीत आणि त्यांची पद्धत एकच असे: तर्क लढवू नका, पाळत ठेवा. त्यांचं ‘प्रोसेस मॉनिटर’ फुकट मिळतं, फक्त अ‍ॅडमिनचे हक्क लागतात. रजिस्ट्रीतल्या त्या कीवर फिल्टर लावायचा, ‘बूट लॉगिंग’ चालू करायचं आणि मशीन रीस्टार्ट करून लॉगिन करायचं. कीमध्ये कुठल्या प्रोग्रॅमनं, कितव्या सेकंदाला लिहिलं, हे नावानिशी समोर येतं. स्क्रिप्टमधलं ‘नेट डॉट ईएक्सई’ असं रंगेहाथ सापडलं की वादच मिटतो. मला तर वाटतं, हे अवजार येत नसलेल्या माणसाला ऑफिसच्या मशीनला हात लावू देऊ नये.

‘जीपीरिझल्ट’ ही कमांड चालवून दोष ग्रुप पॉलिसीचा निघाला, तर दुखणं वरच्या मजल्यावरचं आहे असं समजा. पॉलिसीतली ओळ नुसती पुसून भागत नाही. ‘लागू नसेल तेव्हा काढून टाका’ हा पर्याय आधीपासून निवडलेला नसेल, तर ओळ गेली तरी आधीच जोडलेला ड्राइव्ह मशीनवर तसाच राहतो. त्या ओळीची कृती ‘डिलीट’ करायची आणि सगळी मशीनं एकदा लॉगिन होईपर्यंत ती राहू द्यायची. ही ओळ मुळात लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि नोंदवही कोणीच ठेवलेली नसते, हा खरा रोग.

सर्व्हर जिवंत असूनही फुली दिसत असेल तर प्रकरण वेगळं. ‘विंडोज ११’च्या २४एच२ आवृत्तीत नेटवर्कवरच्या फाइल-व्यवहाराला डिजिटल सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीत पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून आत जाणंही बंद झालं. कोपऱ्यातला जुना स्टोरेजचा डबा तिथेच अडतो. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे सक्तीच काढून टाकणं. तो करू नका; जोडलेला ड्राइव्ह हे हल्ल्याचं सोपं लक्ष्य असतं. २०१३च्या क्रिप्टोलॉकर या खंडणीखोर प्रोग्रॅमनं संगणकातल्या फाइलींबरोबर अक्षर देऊन जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. डब्याचं फर्मवेअर अद्ययावत करा, खात्याला पासवर्ड द्या. तेवढंही त्याला झेपत नसेल तर डबा बदला.