दोन उन्हाळ्यांमधली उसंत

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटामागे होडी थांबली. होडीवाल्यानं नांगर न टाकता एका तरंगत्या पिंपाला दोर बांधला आणि बोट दाखवलं, ‘थंय बघा, कोरल आसा.’ तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं. पाणी हिरवट, काहीसं गढूळ. दीड-दोन पुरुष खोलीवर तपकिरी रंगाचा एक घुमट दिसला, उपड्या घातलेल्या मोठ्या टोपासारखा. दगडच वाटला. अगदी जवळ गेल्यावर त्याच्या अंगावरची बारीक जाळी दिसली आणि कळलं, की हा दगड जिवंत आहे.

पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सराफाकडचा लाल खडा येतो. तो मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्याच प्रवाळाचा असतो. मालवणचा घुमट किंवा लक्षद्वीपची बेटं बांधणारं प्रवाळ निराळं. हजारो इवल्याशा जिवांची ती वसाहत असते. प्रत्येक जिवाला मऊ नळीसारखं शरीर, तोंडाभोवती मिशांची झालर आणि बुडाशी स्वतःच रचलेली चुनखडीची वाटी. त्याच्या कातडीआत सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर साखर बनवतात आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातून भागते. रंगही बहुतेक त्या शैवालांचाच.

हा संसार फार काटेकोर तापमानावर चालतो. एखाद्या ठिकाणी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्यात पाणी सरासरी जितकं तापतं, त्यापेक्षा १ अंश सेल्सिअसनं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी शैवालांची यंत्रणा बिघडते. अन्नाऐवजी पेशी जाळणारे ऑक्सिजनचे विषारी अवतार तयार होऊ लागतात आणि प्रवाळ आपल्याच अन्नदात्याला बाहेर काढतं. उरलेलं शरीर पारदर्शक असल्यानं आतला चुना दिसू लागतो. हेच विरंजन. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. मिशा हलत असतात, पण तो जीव उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परततात. नाही निवलं तर काही आठवड्यांत त्या पांढऱ्यावर हिरवट-करड्या शेवाळाची साय धरते, आणि मग परतीची वाट उरत नाही.

लक्षद्वीपनं हे १९९८, २०१० आणि २०१६ साली भोगलं. मग २७ ऑक्टोबर २०२३पासून तिथं सागरी उष्णतेची लाट सुरू झाली आणि २०२४च्या मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीव्र विरंजनाची नोंद केली. त्याआधीच, एप्रिल २०२४मध्ये, जगभरातल्या विरंजनाचा चौथा मोठा टप्पा सुरू असल्याचं जाहीर झालं होतं.

म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८पासून या प्रवाळांच्या मागावर आहेत. मला त्यांच्या कामातली एक जुनी नोंद विसरता येत नाही. १९९८च्या संहारानंतर बेटांची पश्चिमेकडची बाजू झपाट्यानं सावरली, पूर्वेकडची मात्र रेंगाळली. नवी पिल्लं पूर्वेलाही येत होती, पण ती मेलेल्या, मेजासारख्या पसरट प्रवाळांवर बसत. ती मेजं आतून पोखरलेली असायची. कधीतरी ती कोलमडत आणि अंगावरची पिल्लं सोबत घेऊन जात. पश्चिमेला मोसमी लाटांनी असली मोडकी मेजं आधीच उधळून लावली होती, त्यामुळे पिल्लांना पक्क्या तळाचा आधार मिळाला. पाय रोवायला जागा भक्कम हवी आणि तिथं वाढायला वेळ हवा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

तो वेळच आता मिळेनासा झाला आहे. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवरच्या चोवीस वर्षांच्या मोजणीचा लेख २०२५ साली प्रसिद्ध झाला. १९९८ साली तळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. २०२२पर्यंत तो २० टक्क्यांच्या आत आला. गंमत नव्हे, काळजी वाटावी अशी बाब म्हणजे प्रत्येक नव्या विरंजनात मरणाऱ्यांचं प्रमाण आधीपेक्षा कमी होत गेलं. वरवर पाहता हा दिलासा वाटतो. पण नाजूक जाती आधीच गेल्या, चिवट तेवढ्या मागं राहिल्या, असाही त्याचा अर्थ होतो. आणि प्रवाळांची वाढ खऱ्या अर्थानं वेग घेते ती सलग सहा वर्षं विरंजनाविना गेल्यानंतर, असंही या मोजणीतून दिसलं. लागोपाठच्या दोन जीवघेण्या उन्हाळ्यांमध्ये निदान सहा वर्षांची उसंत हवी.

उसंत मिळाली तरी घर बांधायला चुना लागतो, आणि समुद्र नेमका तिथंच हात आखडता घेऊ लागला आहे. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. पाण्यात त्याचं सौम्य आम्ल होतं. उद्योगयुगाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१च्या आसपास आहे. फरक नगण्य वाटतो, पण या मापाची पट्टीच अशी आहे, की एवढ्यात आम्लकणांची संख्या पाव पटीहून अधिक वाढते. समुद्र आंबट झालेला नाही, तो अजूनही अल्कधर्मीच आहे. घरात अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर कवचावर बुडबुडे येतात आणि एक-दोन दिवसांत मऊ पापुद्रा तेवढा उरतो. समुद्रात इतकं झटपट काही घडत नाही. तिथं वाढलेले आम्लकण पाण्यातल्या कार्बोनेटला आधीच पकडतात, आणि वाटी रचायला प्रवाळाला लागणारा ऐवज कमी पडतो. मग हे आम्लकण बांधकामाच्या जागेतून बाहेर उपसत राहावं लागतं. या उपशाला ताकद लागते, आणि ती येते शैवालांच्या साखरेतून.

उष्णता आणि आम्लता यांची गाठ इथं पडते. उष्णतेनं अन्न हिरावलेल्या जिवाकडून पाणी बांधकामाची मजुरी जास्त मागतं.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर, वन ट्री आयलंड इथं, शास्त्रज्ञांनी उलटा प्रयोग केला. प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात अल्क मिसळून त्यांनी ते उद्योगयुगाआधीच्या स्थितीजवळ नेलं. चुना रचण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला, असं त्यांनी २०१६ साली मांडलं. म्हणजे ही घट भविष्यात कधीतरी व्हायची नाही, ती होऊन बसली आहे. पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड नैसर्गिकरीत्या बुडबुडतो. तिथं बुडबुड्यांच्या जवळ फांद्यांची, मेजांची, नक्षीची प्रवाळं विरळ होत जातात आणि पोरायटीस जातीचे गोल घुमट उरतात. घुमटांमध्ये माशांच्या पिल्लांना लपायला सांदीकोपरे फारसे नसतात.

लक्षद्वीपच्या माणसांशी या सांदीकोपऱ्यांचा थेट संबंध आहे. तिथले कोळी कुपा, म्हणजे ट्यूना, काठी आणि गळ वापरून एकेक करून पकडतात. त्यासाठी आधी खाजणातून जिवंत चारामासे धरावे लागतात, ते समुद्रात फेकले की कुप्यांचा थवा होडीभोवती जमतो. या चाऱ्यातल्या बऱ्याच जाती प्रवाळांच्या आसऱ्यानं वाढतात. शिवाय ज्या जमिनीवर ही माणसं राहतात, ती प्रवाळांच्या चुऱ्याचीच आहे आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहे. पोपटमासे आणि छिद्रं पाडणारे स्पंज प्रवाळ रोज कुरतडत असतात. रचणं त्या कुरतडण्यापेक्षा कमी पडलं की लाटा अडवणारी भिंतच झिजू लागते. बंगारम कंकणद्वीपातलं परळी-१ हे निर्जन बेट पूर्ण झिजून नाहीसं झालं आहे.

कोकणातलं प्रवाळ वेगळ्या तब्येतीचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली झालं. इथं पावसाळ्यात गोडं पाणी आणि गाळ येतो, तरी त्यातून काही चिवट जाती टिकल्या आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या बुडालेल्या पठारावर, निवळ पाण्यात आणखी प्रवाळं आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं कठीण प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत बसवलं आहे. त्यामुळे प्रवाळ तोडणाऱ्याचा हात धरता येतो. तापणाऱ्या पाण्यासाठी मात्र या कायद्यात कलम नाही.

परत येताना मी तो तपकिरी घुमट पुन्हा एकदा पाहिला. त्याच्या कडेला रुपयाएवढी एक पांढुरकी चकती होती आणि तिच्या काठाकाठानं नवी तपकिरी जाळी आत सरकत होती. अशा जाळीची वाढ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर. लक्षद्वीपपुरतं बोलायचं तर २०२४नंतरची सहा वर्षं २०३० साली पुरी होतात. समुद्र तापवणारा एल निनो दर दोन ते सात वर्षांनी येतो.